रद्द झालेल्या पुस्तकांचे काकाजी

मी एका पुस्तकाची तेरवी जेवलो आहे. लग्नाच्या बोलणीतही मी ही गोष्ट लपवली नव्हती. मुलीच्या वडिलांनी विचारलं, ‘पुस्तकाची? कोणाच्या?’ मी म्हटलं, ‘कोणाच्याच नाही, ते निघायच्या आधीच गेलं.’ ते लग्न जमलं नाही. पण त्याला इतरही कारणं होती, सगळा दोष मी काकाजींवर ढकलणार नाही.

काकाजी आमच्या धंतोलीतल्या दवाखान्यात एक्स-रे काढायचे. मी तिथेच खालच्या मजल्यावर पॅथॉलॉजीत, म्हणजे लोकांचं रक्त काढायचं आणि शिव्या खायच्या, या कामावर होतो. मूळचा मी कुहीचा. नागपुरात नवा होतो तेव्हा या इमारतीत मला ओळखणारा पहिला माणूस म्हणजे काकाजी. ओळख व्हायचं कारण असं की आमच्या गावचे एक म्हातारबुवा छातीचा फोटो काढायला आले होते. काकाजी त्यांना म्हणाले, ‘श्वास घ्या, रोखून धरा,’ आणि तेवढ्यात काकाजींच्या खिशातला मोबाइल टिंग वाजला. काकाजींनी फोटो काढला, मग मोबाइल काढला, आणि वाचायला लागले ते वाचतच राहिले. म्हातारबुवा धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात उभं राहून आयुष्य काढलेले, सांगितलेलं काम अर्धवट सोडणारे नव्हेत. मी रिपोर्ट द्यायला आत गेलो तर ते लालबुंद होऊन मशीनला चिकटलेले.

‘काकाजी, श्वास!’ मी ओरडलो.

‘हौ हौ, सोडा, सोडा बाप्पा,’ काकाजी म्हणाले, आणि मोबाइल माझ्यासमोर धरून म्हणाले, ‘पाय गा. पुन्हा लांबवलं. आता वसंतात म्हंते. त्यायचा वसंत कवा येते, तुले माहीत हाय काय?’

मला ना त्यांचा वसंत माहीत होता ना लांबलेली वस्तू. ती वस्तू होती एका खेळाचं पुस्तक. चार-पाच जण टेबलाभोवती बसायचं, एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं: कोणी चोर, कोणी जादूगार, कोणी भालेवाली. समोर राक्षस आला की गोष्ट सांगणारा विचारतो, आता काय करता? आपण सांगायचं, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा सांगतो. समुद्रापलीकडची एक कंपनी या खेळासाठी नवनवी पुस्तकं काढते. एकेका पुस्तकात अख्खं शहर, त्याचे नकाशे, राण्या, भुयारं, गटारंसुद्धा. पुस्तक निघायच्या आधी वर्ष-दीड वर्ष ती जाहीर करते, मुखपृष्ठ दाखवते, चार ओळींची ओळख छापते. मग कधी ते निघतं, कधी लांबतं, आणि कधी एका संध्याकाळी कंपनी सांगते की हे पुस्तक आता येणार नाही.

जगभरचे लोक त्यातली निघालेली पुस्तकं विकत घेतात. आमचे काकाजी न निघालेली सांभाळायचे.

डिजिटल एक्स-रे आल्यापासून जुनी डार्करूम रिकामी पडली होती. तिच्या दाराच्या आतल्या बाजूला काकाजींनी काचेवर लिहायच्या पेन्सिलीने तीन रकाने आखले होते: ‘येऊन राहिलं’, ‘लांबलं’ आणि ‘गेलं’. रोज सकाळी कामावर आले की आधी त्या दारासमोर उभे राहून मोबाइल बघायचे आणि नावं इकडची तिकडे करायचे. दवाखान्याचीच भाषा तोंडात बसलेली. कंपनी काहीच बोलत नसली की म्हणायचे, ‘अंडर ऑब्झर्वेशन.’ ‘काही बदल करत आहोत’ असं आलं की ‘ऑपरेशनले नेलं.’ आणि ‘पुढील सूचनेपर्यंत’ हे शब्द आले की मान हलवून म्हणायचे, ‘व्हेंटिलेटर. नातेवाइकांनी समजून घ्या.’ आमच्या हेड सिस्टर आयसीयूमध्ये वीस वर्षं काढलेल्या बाई. त्यांना हे मुळीच आवडायचं नाही. ‘काकाजी, अशी थट्टा करू नका जी, पाप लागन,’ त्या म्हणायच्या आणि मग हळूच विचारायच्या, ‘ड्रॅगनवालं कसं हाय पण?’

पुस्तक गेलं की तेराव्या दिवशी तेरवी. जोक म्हणून नव्हे, नीट तेरवी. काकाजी घरून उडदाचे वडे, कढी आणि बुंदी करून आणायचे. स्वतः करायचे, काकूंना हात लावू देत नाही असं म्हणायचे, पण काकूंनीच मला एकदा सांगितलं की त्या अशा पंक्तीचं पिठलंसुद्धा करणार नाहीत. डार्करूममध्ये लाल दिवा लावून आम्ही जेवायचो. एका तेरवीला आमचे मोठे डॉक्टर वास काढत आत आले. पानं बघून त्यांचा चेहरा पडला.

‘कोण गेलं?’

‘एक पुस्तक, सर.’

डॉक्टर सवयीने म्हणाले, ‘वय काय होतं?’

‘जन्मलंच नाही सर.’

‘अरेरे,’ डॉक्टर म्हणाले, आणि उभ्याउभ्या चार वडे खाऊन राउंडला गेले. त्यांना काय कळलं हे आजवर कोणालाच ठाऊक नाही. पण पुढच्या वेळेस त्यांनीच मला जिन्यात थांबवून विचारलं होतं, एवढ्यात कोणी गेलं वगैरे नाही ना.

जेवण झालं की काकाजी मयताची ओळख वाचायचे. चार ओळी, त्यापेक्षा जास्त त्याच्याबद्दल जगात कोणालाच माहिती नसायची. आणि त्या रविवारपासून आम्ही ते खेळायचो. त्या टेबलाचा एकच कायदा होता: निघालेलं पुस्तक इथे खेळायचं नाही. मी सुरुवातीला वाद घातला. म्हटलं, काकाजी, निघालेल्यात सगळं तयार मिळतं, नकाशे छापलेले असतात, आपल्याला मेहनत नाही.

‘तेच तं,’ ते म्हणाले. ‘छापलेल्यात शेवट काय हाय ते कोनालेतरी माहीत राहते. मी तीस वर्ष लोकायच्या हाडाचे फोटो काढून राहिलो. फोटो मी काढतो, रिपोर्ट दुसरा लिहिते, इलाज तिसरा करते. मानूस चालाले लागला का नाही, मले कोनी सांगते काय? एक गोष्ट तं राहू दे जिचा शेवट मीच सांगन.’

काकाजींचं घराणं उमरेडचं, विणकरांचं. त्यांच्या वडिलांनी माग विकला तेव्हा मागावर अर्धं लुगडं होतं. घेणारा म्हणाला, कापून ठेवा. काकाजींच्या आईने ते अर्धं घेतलं, त्याला दुसऱ्याच रंगाचं अर्धं जोडलं, आणि सणासुदीला नेसायला लागली. गल्लीतल्या बायांनी विचारलं, हे कोणतं नवीन डिझाइन वं? तर म्हणाली, हे नागपुरात निघालं आहे, तुमच्याकडे यायचं आहे. हे सांगताना काकाजी इतके हसायचे की डोळ्यांतून पाणी यायचं. ही गोष्ट ते नेहमी काहीतरी दुसरं विचारलं असताना सांगायचे.

आमचा पट म्हणजे एक्स-रे बघायचा दिव्याचा डबा. जुन्या, मुदत संपलेल्या फिल्म्स काकाजी धुऊन स्वच्छ करायचे, त्या निळसर पारदर्शक व्हायच्या, आणि त्यांच्यावर मार्करने गल्ल्या, पूल, तळघरं काढायचे. फिल्म डब्यावर ठेवली आणि खालून दिवा लावला की शहर उजळायचं. फासे जमिनीवर घरंगळून कपाटाखाली जायचे म्हणून मी लॅबमधून नमुन्याची कोरी डबी आणायचो. डबीत फासा टाकायचा, झाकण लावायचं, खडखडवायचं. ती डबी कशाची आहे हे खालच्या मेडिकल स्टोअरच्या शेठना माहीत होतं, तरी ते दर वेळी विचारायचे, ‘भाऊ, ये नयी है ना?’ शेठ जरीपटक्याहून यायचे आणि खेळात जादूगार होते. राक्षसाच्या गुहेत अमृताची कुपी सापडली तरी ती पिण्याआधी ते विचारायचे की याच्यावर तारीख काय लिहिली आहे. काकाजींनी एकदा वैतागून सांगितलं, मागच्या महिन्यात संपली. शेठनी कुपी परत ठेवली आणि त्या लढाईत त्यांचा जादूगार मरता मरता वाचला.

मी चोर होतो. सिस्टर भालेवाली. पेशंटला ‘बेटा, थोडंसंच दुखन’ म्हणणाऱ्या या बाई रविवारी दुपारी बसल्या की मुंडकी उडवायच्या आणि उडवलेल्यांची नावं वहीत लिहून ठेवायच्या. त्यांना एक शब्द बोलायची कोणाची टाप नव्हती.

आमचं सगळ्यात लाडकं मयत म्हणजे सात विहिरींचं शहर. सात विहिरी, प्रत्येक विहिरीखाली एक पेठ, आणि आठव्या पेठेबद्दल कोणी बोलत नाही: एवढंच कंपनीने सांगितलं होतं आणि मग पुस्तक रद्द केलं होतं. त्या चार ओळींवर काकाजींनी अडीच वर्षं काढली. बावीस फिल्म्सवर शहर पसरलं. तिथल्या गल्ल्या नागपुरातल्या इतवारीसारख्या वळायच्या, राजवाड्याच्या मागे तर्री-पोह्याची गाडी लागायची आणि तिसऱ्या पेठेतला कोतवाल आमच्या मोठ्या डॉक्टरांसारखा चालायचा. मी चोऱ्या केल्या, शेठनी दुकान टाकलं. आणि सिस्टरनी घर बांधलं.

हे घर म्हणजे नुसतं ‘मी घर बांधते’ असं म्हणून झालेलं नव्हतं. दर रविवारी लढाई संपली की त्या म्हणायच्या, ‘काकाजी, आता माह्या घराकडे या.’ मग भिंती किती, अंगणात काय, शेजारीण कोण. पाच रविवार फक्त न्हाणीवर गेले. सिस्टर त्या वेळी भाड्याच्या एका खोलीत राहायच्या, नोकरी लागल्यापासून तिथेच. घर त्यांनी कधी घेतलं नव्हतं, पैसे भावांच्या शिक्षणाला गेले होते. हे त्यांनी सांगितलं नव्हतं, पण आम्हाला माहीत होतं. काकाजी एरवी नियमाचे पक्के, सोन्याचं एक नाणं फुकट देणार नाहीत, पण सिस्टरच्या घराला लागणारी प्रत्येक वीट बाजारात कशी कोण जाणे स्वस्त असायची.

आणि एका सोमवारी सकाळी काकाजी डार्करूमच्या दारासमोर उभे होते आणि काही लिहीत नव्हते. मी मोबाइल बघितला. कंपनीने जाहीर केलं होतं: सात विहिरींचं शहर रद्द नाही. पुस्तक तयार आहे, दीड महिन्यात येत आहे.

‘अरे वा!’ मी म्हटलं आणि लगेच जीभ चावली.

‘तेरवी झाली हाय त्याची,’ काकाजी म्हणाले. ‘वडे खाल्ले आपन. आता कसं येते?’

कायदा त्यांचाच होता. निघालेलं खेळायचं नाही. ज्या दिवशी पुस्तक निघेल त्या दिवशी आमचं शहर बंद. कंपनीचं शहर खरं, आमचं खोटं. सिस्टरना हे मी सांगितलं तेव्हा त्या इंजेक्शन भरत होत्या. त्यांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. ‘म्हंजे माह्यं घर?’ एवढंच म्हणाल्या आणि वळल्या. आयसीयूत मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. त्या दिवशी औषधांच्या कपाटात तोंड घालून त्या बराच वेळ काहीतरी शोधत होत्या.

काकाजींचं वागणं त्याहून वाईट झालं. जन्मभर पुस्तकं जगावीत म्हणून झुरणारा माणूस आता एक पुस्तक मरावं म्हणून वाट बघायला लागला. दिवसातून दहा वेळा मोबाइल. ‘छपाईत काही अडचन नाही आली काय?’ ‘जहाज नाही अडकलं काय कुठी?’ रविवारी फासे टाकायचे, पण गोष्टीत जीव नव्हता. राक्षस यायचे आणि काही न बोलता मरायचे.

तेव्हा आम्ही तिघांनी पाप केलं. कंपनीच्या नावाची एक खोटी सूचना तयार केली. मजकूर माझा, इंग्रजी माझं, कंपनीचं चित्र वगैरे डकवलं शेठनी. पुस्तक लांबणीवर गेलं आहे, वाचकांची क्षमा मागतो, इत्यादी.

‘कधीपर्यंत लांबवू?’ मी विचारलं.

‘दिवाळीनंतर लिव्ह,’ सिस्टर म्हणाल्या. ‘दिवाळीच्या आधी कोनी काही करत नाही.’

हे आम्हा तिघांनाही पटलं. आमच्याकडे हर्निया असो, गुडघा असो, मोतीबिंदू असो, जे टाळायचं ते माणूस दिवाळीनंतर करतो. मी तसंच टाइप केलं, शेठनी एकदा वाचून ‘परफेक्ट’ म्हटलं आणि रविवारी मी तो फोटो काकाजींना दाखवला.

काकाजींनी चष्मा लावून सगळं वाचलं. पुन्हा वाचलं. मग उठले, ‘येऊन राहिलं’मधून नाव पुसलं आणि ‘लांबलं’च्या खाली लिहिलं. पुढे कंसात ‘दिवाळीनंतर’. पेन्सिल खिशात ठेवली आणि म्हणाले, ‘बरं झालं. चला.’

त्या दिवशी जो खेळ झाला तसा कधी झाला नव्हता. त्या रविवारी आणि पुढचे दोन रविवार. आठव्या पेठेचं दार सापडलं. कोतवालाला मी विहिरीत पाडलं. शेठनी पहिल्यांदा तारीख न विचारता कुपी प्यायली. सिस्टरनी गोठा घातला आणि त्यात काकाजींनी फुकटात एक गाय बांधली. मला वाटायला लागलं होतं की खोटं बोलणं ही फार सोपी आणि उपयोगी गोष्ट आहे.

चौथ्या रविवारी शेठ उशिरा आले. दारातच उभे राहिले. हातात सलाइनच्या बाटल्यांचं खोकं, पण आत बाटल्या नव्हत्या.

‘मैंने पहले ऑर्डर किया था,’ ते जमिनीकडे बघत म्हणाले. ‘कॅन्सल करना भूल गया. आज कुरिअर आया.’

सिस्टरनी पदर घट्ट घेतला. मी डबीचं झाकण फिरवत बसलो.

‘आलं काय?’ काकाजी म्हणाले. ‘द्या इकडे.’

‘काकाजी, ती सूचना...’ मी सुरुवात केली.

‘मस्त होती. लय मेहनत घेतली तुमी.’ त्यांनी कात्रीने खोकं उघडलं. ‘पन साता समुद्रापारची कंपनी, बाप्पा. तिले दिवाळी कवापासून लागून राहिली?’

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. देवाशपथ सांगतो, त्या क्षणापर्यंत आमच्यापैकी एकालाही ते लक्षात आलं नव्हतं. शेठ कपाळावर हात मारून मटकन बसले. सिस्टरना हसू आणि रडू एकदम आलं आणि त्यांनी दोन्ही पदराआड केलं.

‘मंग तुमी काहून नाही बोलले जी?’ त्यांनी विचारलं.

‘तीन रविवार भेटले ना,’ काकाजी म्हणाले.

मला फार लाज वाटली आणि त्या माणसाबद्दल इतकी माया दाटून आली की मी उगीच फासा खडखडवला.

पुस्तक मोठं देखणं होतं, खोटं का बोलू. मागच्या पानाला नकाशा होता, घडीचा, रंगीत. काकाजींनी तो उलगडून दिव्याच्या डब्यावर पसरला आणि बराच वेळ वाकून बघत राहिले. सातही विहिरी होत्या. गल्ल्या मात्र भलतीकडे वळत होत्या.

‘तिसऱ्या पेठेत,’ सिस्टर म्हणाल्या. आवाज अगदी बारीक. ‘पुलाच्या डाव्या हाताले. पाहा ना काय हाय ते.’

काकाजींनी बोट ठेवलं. वाचलं. ‘चुनाभट्टी.’

‘मले वाटलंच,’ सिस्टर म्हणाल्या आणि पर्स उचलली.

‘बसा,’ काकाजी म्हणाले. त्यांनी आमची तिसऱ्या पेठेची फिल्म घेतली आणि त्या रंगीत नकाशावर ठेवली. जाड गुळगुळीत कागद, खालचा उजेड काही वर येईना. आमच्या गल्ल्या, पूल, सिस्टरचं अंगण, सगळं त्या रंगांत बुडून गेलं. काकाजींनी फिल्म थोडी इकडे सरकवली, थोडी तिकडे. मग नकाशा खालून ओढून काढला, घडी केली, पुस्तकात ठेवला आणि पुस्तक शेठच्या मांडीवर दिलं. दाराशी गेले. ‘लांबलं’मधून नाव पुसलं आणि ‘गेलं’ या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं.

‘पर काकाजी, ये तो निकली है,’ शेठ म्हणाले. ‘मेरे हाथ में है.’

‘त्यायनं काढलं. मी रद्द केलं. रद्द करनं फक्त त्यायलेच जमते काय?’

‘फिर मैं इसका क्या करूँ?’

‘घरी नेऊन वाचजा. चांगलं असन. पन इथी त्यातला एक शब्द बोललात तं तुमचा जादूगार चुनाभट्टीत टाकीन.’

मग ते जागेवर बसले, चष्मा पुसला आणि नेहमीसारखे गोष्ट सांगायच्या आवाजात म्हणाले, ‘हां. तं तुमी तिसऱ्या पेठेच्या पुलावर. समोर राक्षस. त्याच्या हातात साखळी. काय करता?’

मी सुरा काढतो म्हणालो. शेठ मंत्र आठवायला लागले. सिस्टर डब्यावर ठेवलेल्या फिल्मकडे बघत होत्या. पुलाच्या डाव्या हाताला, मार्करच्या चार रेघांत त्यांचं घर उजळलेलं होतं.

‘काकाजी,’ त्या म्हणाल्या, ‘वरचा मजला बांधू काय मी?’

‘आता? राक्षस उभा हाय ना वं समोर.’

‘तो थांबन थोडासा.’

काकाजींनी राक्षसाकडे बघितल्यासारखं पुलाकडे बघितलं, आणि खिशातून मार्कर काढला. त्या दुपारी आम्ही दुसरं काहीच केलं नाही. मी पायऱ्या मोजल्या, शेठनी बाल्कनी हवी म्हणून भांडण केलं, आणि पाच वाजता सिस्टर आपल्या भाड्याच्या खोलीवर जायला निघाल्या तेव्हा वरच्या मजल्याचं फक्त छत घालायचं राहिलं होतं.